वायरताईंचा फुकटचा पहारेकरी

"पॅकिंगला?" वायरताईंनी विचारलं. "मला? पॅकिंगला?"

"वाईट काय आहे त्यात?" साहेब म्हणाले. "बसून काम. काचा कागदात गुंडाळायच्या, डबीत ठेवायच्या. टेबलाखाली रांगत वायरी ओढण्यापेक्षा बरं नाही का? वयाचाही विचार करायला हवा ना, ताई."

वय काढलं आणि तिथेच साहेब चुकले. वायरताई एक्कावन्न वर्षांच्या होत्या आणि आजही टेबलाखाली शिरल्या की विशीतल्या पोरीला लाजवतील अशा सफाईने दुसऱ्या बाजूने बाहेर यायच्या. चष्म्याच्या काचा घासून देणाऱ्या त्या कारखान्यात पहिली वायर त्यांनीच ओढली होती, त्याला सव्वीस वर्षं झाली. दुकानांकडून गिऱ्हाइकांचे नंबर यायचे, सर्व्हरवर जमा व्हायचे आणि तिथून घासणीच्या मशिनींकडे जायचे. हा सगळा रस्ता वायरताईंनी बांधला आणि सांभाळला होता. त्यांचं खरं नाव पगाराच्या स्लिपवर छापून येई, तेवढंच.

साहेबांच्या शेजारी कोट घातलेला एक गुळगुळीत गृहस्थ बसला होता. समोर टेबलावर एक काळी पेटी होती आणि तिच्यावर चार हिरवे दिवे लुकलुकत होते. वायरताईंनी मनातल्या मनात त्याचं नाव 'पेटीवाला' ठेवून टाकलं.

"मॅडम, दिवस बदललेत," पेटीवाला मधाळ आवाजात म्हणाला. "आता चोर खिडकीतून येत नाहीत, वायरीतून येतात. ही पेटी येणारं-जाणारं सगळं तपासते आणि चोर दिसला की जागच्या जागी अडवते. तुम्हाला काही म्हणजे काही करावं लागत नाही."

"मला काही करावं लागत नाही, म्हणूनच मला काचा गुंडाळायला पाठवताय ना?"

पेटीवाला नुसता हसला. ते हसू वायरताईंच्या डोक्यात गेलं.

"हेच काम करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं," त्या साहेबांना म्हणाल्या. "जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलंय. आत काय आहे ते कुणीही उघडून वाचावं. या पेटीत काय आहे ते यांना तरी ठाऊक आहे का, विचारा."

"फुकट!" पेटीवाल्याने हा शब्द दोन बोटांनी उंदीर उचलावा तसा उचलला. "उद्या काही बिघडलं तर फुकटच्या वस्तूला जबाबदार कोण?"

"मी."

साहेबांना भांडणं आवडत नसत, पण पैज आवडे. ते खुर्चीत सरसावून बसले. "असं करू. शुक्रवारी चार वाजता मी यांच्या कागदावर सही करणार आहे. तोवर तुमच्या त्या फुकटच्या पहारेकऱ्याने एक चोर पकडून दाखवा. एकच, पण खरा. दाखवलात तर सही नाही आणि पॅकिंगही नाही."

"दाखवते," वायरताई म्हणाल्या आणि दार जरा जास्तच जोरात लावून बाहेर पडल्या.

बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आज बुधवार आहे, आणि ते सॉफ्टवेअर आपण अजून डाउनलोडसुद्धा केलेलं नाही. त्याच्याबद्दल त्यांनी फक्त वाचलं होतं, तेही जेवता जेवता.

सॉफ्टवेअरची आवृत्ती होती शून्य दशांश तीन. म्हणजे अजून एकसुद्धा पुरी झाली नव्हती. 'सुरुवात कशी करावी' असं एक पान सोबत होतं. पहिली पायरी सोपी होती, दुसरी त्याहून सोपी. तिसऱ्या पायरीला आपलं घर कोणतं आणि परकं कोण ते एका फायलीत लिहायचं होतं. चौथ्या पायरीखाली 'हा भाग लवकरच लिहू' एवढंच होतं. पाचवी पायरी म्हणत होती, 'चौथी नीट झाली असेल, तर आता सुरू करा.'

वायरताई चौथी पायरी अंदाजाने चढल्या आणि त्यांनी सुरू केलं. ते सुरू होईना. पुन्हा केलं, पुन्हा नाही. तीन तास त्या पडद्याशी भांडल्या. शेवटी कळलं की फायलीत एका ओळीच्या आधी दोन मोकळ्या जागा हव्या होत्या, त्यांनी एकच सोडली होती.

"एवढ्याशा रिकाम्या जागेसाठी माझे तीन तास खाल्लेस रे मेल्या!" त्या पडद्याला म्हणाल्या. पण आवाजात कौतुक होतं. एवढा काटेकोर पहारेकरी त्यांना बरा वाटला.

पानाच्या तळाशी लाल चौकटीत एक सूचना होती. ही सुरुवातीची आवृत्ती आहे, खऱ्या कामाच्या ठिकाणी लावू नये. लावलीच, तर पहिले दोन आठवडे 'नुसतं बघणे' हा पर्याय निवडावा. आपल्याकडे कोण कसं वागतं ते पहारेकऱ्याला कळू द्यावं आणि मगच 'अडवणे' सुरू करावं.

"दोन आठवडे? माझ्याकडे दोन दिवस आहेत," वायरताई म्हणाल्या. "नुसतं बघत बसायला मी काय लग्नाला आलेय?" त्यांनी 'अडवणे' निवडलं.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता पहारेकरी कामावर रुजू झाला. नऊ वाजून चार मिनिटांनी फोरमन आला. आयुष्य मशिनींच्या आवाजात गेल्याने तो कुणाच्या कानाशी बोलतानाही पलीकडच्या इमारतीला ऐकू जाईल असं बोलायचा.

"ताई! आठही मशिनी गप्प बसल्यात! पाणी चालू, चाकं चालू, पण कुठली काच घासायची तेच कुणी सांगेना!"

वायरताईंनी पडदा पाहिला. आठ लाल ओळी होत्या. अडवलं, अडवलं, अडवलं. झालं होतं असं, की प्रत्येक मशीन दर दोन सेकंदांनी कारखान्यातल्या झाडून सगळ्या कॉम्प्युटरांना विचारायची, "काम आहे का? काम आहे का?" मशिनी बनवणाऱ्याने त्या तशाच केल्या होत्या. पहारेकऱ्याने पाहिलं, हे कोण आठजण दारोदार ठोठावत फिरतायत? आणि आठहीजणांना धरलं.

"या कारखान्यात आपणहून काम मागत फिरणारं कुणी असेल, हे त्याला खरंच वाटलं नाही," वायरताईंनी समजावलं.

फोरमनला हसू आवरलं नाही, पण तो लगेच सावरला. "हसवू नका! सोडा त्यांना आधी!"

आठ मशिनींची नावं 'आपली माणसं' म्हणून एकेक करून फायलीत लिहावी लागली, आणि प्रत्येक ओळीआधी दोन मोकळ्या जागा. मशिनी सुरू होईतो पावणेदहा वाजले. वायरताई कपाळ पुसून खुर्चीत टेकतात न टेकतात तोच फोरमन पुन्हा दारात उभा.

"आता काय?"

"आता आप्पांना अडवलंय!"

इथे आप्पांबद्दल सांगायला हवं. आप्पा म्हणजे कारखान्याचे स्टोअरकीपर. त्यांना रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती. पण सिस्टिममध्ये आप्पांच्या नावाला सगळीकडे मुभा होती. ऑर्डर बघता येई, बदलता येई, पुसताही येई. त्यामुळे आप्पा गेले तरी त्यांचं नाव कुणी जाऊ दिलं नाही. एकाने वापरलं, ते पाहून दुसऱ्याने वापरलं. पासवर्ड चहाच्या टेबलावर खडूने लिहिलेला होता. नवीन माणूस कामाला लागला की त्याला संडास कुठे आहे ते दाखवत आणि आप्पांचा पासवर्ड सांगत. स्वतंत्र नावं घ्या म्हणून वायरताई सहा वर्षं घसा कोरडा करत होत्या. सगळे "हो हो ताई" म्हणत आणि आप्पा होऊन कामाला लागत.

पहारेकऱ्याने पाहिलं, एकच माणूस एकाच वेळी एकोणीस खुर्च्यांवर बसलाय. त्याने एकोणीसच्या एकोणीस आप्पांना बाहेर काढलं.

"हे मात्र त्याने बरोबर पकडलंय," वायरताई म्हणाल्या. त्यांना मनापासून आनंद झाला होता. "आप्पांना मी सोडणार नाही. ज्याने त्याने आपापल्या नावाने यायचं."

"ताई, दुकानांचे फोन येतायत! माणसं चष्म्याशिवाय बसलीत!"

"मग त्यांच्यासाठी तरी स्वतःचं नाव घ्या."

हॉलमध्ये बंड झालं. आम्हाला आप्पाच हवेत, आप्पांनी कधी त्रास दिला नाही, असं जो तो म्हणू लागला. फोरमनच्या डोक्यात मात्र वेगळाच प्रकाश पडला. पहारेकऱ्याचं म्हणणं एवढंच असणार, की हे खरे आप्पा नव्हेत. मग खरे आप्पा आणून बसवले की मिटलं! त्याने कुणाला न विचारता आप्पांच्या घरी फोन लावला.

अकरा वाजता आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले. सहा वर्षांत कुणी बोलावलं नव्हतं. आज नड आली, बोलावणं आलं, त्यामुळे स्वारी खुशीत होती. सगळा हॉल भोवती जमला. आप्पांनी चष्मा नाकावर सरकवला, एका बोटाने स्वतःचं नाव टाइप केलं, पासवर्ड टाकला आणि ऐटीत बटण दाबलं.

अडवलं.

आप्पांनी पुन्हा केलं. पुन्हा अडवलं.

"सत्तावीस वर्षं काढली मी इथे," आप्पा हळूच म्हणाले. "आणि मीच नको?"

वायरताईंना फार वाईट वाटलं. त्या पुढे होऊन काही बोलणार, एवढ्यात मागून साहेब आले.

"आप्पा? तुम्ही इथे कसे? तुम्ही तर रिटायर झालात."

"मलाही तसंच वाटत होतं," आप्पा म्हणाले. "पण मी रोज एकोणीस ठिकाणी कामाला येतो म्हणे. आणि घरी बायको म्हणते, दिवसभर नुसते बसून असता."

साहेबांना सगळा उलगडा करून सांगावा लागला. साहेब भडकले. "म्हणजे एकोणीस जणं दुसऱ्याच्या नावाने काम करतात? माझ्या कारखान्यात? नावं द्या मला त्यांची!"

वायरताईंनी यादी वाचायला घेतली. पॅकिंग तीन, घासणी आठ, तपासणी चार, पाठवणी दोन, स्टोअर एक. "अठरा झाले," साहेब म्हणाले. "एकोणिसावा कोण?"

"एकोणिसावी खुर्ची तुमच्या केबिनमधली आहे, साहेब."

साहेबांनी उगाचच घड्याळ पाहिलं. "ते... माझ्या नावाने ऑर्डर दिसत नाहीत," ते पुटपुटले.

"मग हा धरायचा का चोर?" वायरताईंनी संधी साधली.

"छे! आपलीच माणसं आहेत, चोर कसली? खरा चोर म्हटलं होतं मी. बाहेरचा!" आणि साहेब केबिनकडे सटकले. पण जाता जाता दरडावून गेले, "प्रत्येकाने स्वतःचं नाव घ्या म्हणजे घ्या!"

दुपारभर वायरताई नावं देत बसल्या. एकेकाला विचारून, एकेकाकडून पासवर्ड टाकून घेऊन. बाराव्या नावाला त्यांचा स्वतःचा पडदा गोठला. एकच बाई घाईघाईने एकामागून एक माणसं आत घुसवतेय, हे पहारेकऱ्याला खपलं नव्हतं. त्याने वायरताईंना अडवलं.

"मला?" वायरताई ओरडल्या. "अरे, तुला आणलं कुणी?"

आता सर्व्हरच्या खोलीत जाऊन थेट त्याच्यासमोर बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. खोली कसली, जिन्याखालचं कपाट ते. पंख्यांची घरघर, वायरींचे झुबके, आणि फरशी पुसायची बादली. वायरताईंनी बादली उपडी घातली आणि तिच्यावर ठाण मांडलं. थोड्या वेळाने दारात आप्पा दिसले. हातात चहाचे दोन कप होते.

"तुम्ही घरी नाही गेलात?"

"घरी काय करू? इथे निदान माझ्यावरून भांडणं तरी होतायत," आप्पा म्हणाले आणि दाराच्या चौकटीत स्टूल टाकून बसले.

त्यांना पाहून वायरताईंना बरं वाटलं, कारण मनातून त्या घाबरल्या होत्या. उद्या चार वाजता त्यांच्या हातात काचा आणि कागद येणार होते. खरं म्हणजे काचा गुंडाळण्यात कमीपणा नव्हता. पण आपण बांधलेल्या रस्त्यावर त्या हसऱ्या माणसाची बंद पेटी बसणार आणि आत काय चाललंय ते आपल्याला कधीच कळणार नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी स्वतःला सोडवलं आणि उरलेली नावंही दिली. शुक्रवारी आप्पा पुन्हा स्टुलावर हजर होते, पण सकाळभर काहीच झालं नाही. मशिनी चालत होत्या, माणसं आपापल्या नावाने येत होती, पहारेकरी कुणाला धरत नव्हता. काल दिवसभर ज्या शांततेसाठी तडफडल्या, ती मिळाल्यावर वायरताई वैतागल्या. "धर ना कुणालातरी! आता का थंड बसलायस?"

अडीच वाजता त्यांनी कालच्या नोंदी पहिल्यापासून वाचायला घेतल्या. काल मशिनी, खरे आप्पा आणि खोट्या आप्पांच्या गर्दीत नीट पाहिलंच नव्हतं. आणि पाहता पाहता त्या बादलीवरून उठल्या.

"आप्पा! चोर!"

"कुठे?" आप्पा स्टुलावर पाय घेऊन बसले.

"बाहेरचा! खरा! काल सकाळपासून एकाच दाराशी उभा आहे. एक पासवर्ड लावून बघतो, मग दुसरा, मग तिसरा. चार हजार वेळा आलाय मेला, आणि आपल्या पहारेकऱ्याने चारही हजार वेळा हाकललाय!" वायरताईंनी आनंदाने आप्पांचा हात धरून हलवला. चहा सांडला.

मग त्यांचा चेहरा उतरला. कारण बाहेरच्या बाजूला असं दारच असायला नको होतं. बाहेरची सगळी दारं त्यांनी स्वतः बंद केली होती. हे कुणी उघडलं? त्यांनी दारांची यादी काढली. तळाशी एक जुनी ओळ होती आणि तिच्या शेजारी टीप लिहिलेली होती, 'तात्पुरतं. सोमवारी काढणे.' तारीख बारा वर्षांपूर्वीची होती. खाली नाव त्यांचं स्वतःचं होतं.

वायरताई मटकन बादलीवर बसल्या. त्यांना सगळं आठवलं. मुलीला कांजिण्या आल्या होत्या. आठ दिवस घरी बसावं लागलं, म्हणून घरून काम करता यावं यासाठी हा रस्ता उघडला होता. मुलगी बरी झाली, शाळेत गेली, कॉलेजात गेली, नोकरीला लागली, आणि तो सोमवार काही उजाडला नव्हता. रस्ता वापरात राहिला, पण त्याला दार असतं आणि ते उघडं आहे, हे त्यांच्या डोक्यातूनच गेलं होतं.

"आप्पा, दार मीच उघडं ठेवलंय."

आप्पांनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मग चोर दाखवा, दार कशाला दाखवता? ती ओळ पुसून टाका. मी काही पाहिलं नाही."

पावणेचार वाजले होते. ओळ पुसायला एक बटण पुरे होतं. वायरताईंचं बोट त्या बटणावर जाऊनही आलं. त्यांना लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती. पण या दोन्हींपेक्षा त्यांना राग जास्त आला, तो स्वतःचाच.

"नाही," त्या म्हणाल्या. "हा पहारेकरी मी का आणला? त्याचं पान न् पान कुणीही वाचू शकतं म्हणून. आणि आता माझंच पान फाडू? करू दे काय करायचं ते. काचा गुंडाळीन, पण ताठ मानेने गुंडाळीन."

त्यांनी आधी सगळं छापून घेतलं, मगच दार बंद केलं आणि वर गेल्या.

केबिनमध्ये साहेबांच्या हातात पेनाचं टोपण होतं. पेटीवाला कागदाची घडी हाताने सपाट करत होता. वायरताईंनी छापील कागद मध्ये ठेवले.

"हा चोर. चार हजार वेळा आला, चार हजार वेळा अडवला. आणि हे दार, जिथून तो येत होता. बारा वर्षं उघडं होतं. उघडं ठेवणारी मी."

साहेबांनी दोनदा वाचलं. पेटीवाला खुर्चीतून उसळला. "बघा! बघा साहेब! यांच्याच हातून! मी सांगत नव्हतो? माणसं चुका करतात! आमच्या पेटीने सोमवारपासून तीन दिवस तुमचं नेटवर्क तपासलं. हे सर्टिफिकेट बघा." त्याने बॅगेतून जाड, गुळगुळीत कागद काढला आणि मोठ्याने वाचला. "सर्व दारे तपासली. सर्व सुरक्षित."

वाचून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे आत्ता वाचायला नको होतं. कागद हळूहळू बॅगेत परत गेला.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "ताई, चूक मोठी आहे."

"आहे."

"पण चोर खरा आहे."

"आहे."

"हं." साहेबांनी सही न केलेला कागद पेटीवाल्याकडे सरकवला. "ते दार बंद केलंत?"

"कायमचं."

"छान. छान केलंत." साहेब खुर्चीत मागे रेलले आणि मग एकदम पुढे आले. "पण थांबा. परवा रविवार. फोरमनची जादा पाळी आहे. मशिनी अडल्या, तर तुम्ही नेहमीसारख्या घरून..."

"घरून मी त्याच दारातून यायचे, साहेब. बारा वर्षांत एक रविवार सुटला नाही. भाजी फोडणीला टाकून मी तुमच्या मशिनी सोडवायचे. आता दार नाही."

"मग अडल्या तर?"

"सोमवारी नऊला येते."

साहेबांनी केविलवाण्या नजरेने पेटीवाल्याकडे पाहिलं. "तुमच्याकडे रविवारी कुणी असतं का हो?"

"रविवारी आमचं ऑफिस बंद असतं," पेटीवाला पेटी काखेत मारत म्हणाला.

"ताई," साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तेवढं एक छोटंसं दार... माझ्या परवानगीने... तात्पुरतं उघडता आलं तर?"

वायरताईंनी टेबलावरचे आपले कागद नीट एकावर एक लावले.

"लेखी अर्ज द्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या स्वतःच्या नावाने. सोमवारी बघते."